रस्त्याकडेचे थोरले जनावर आणि आपली दुकानदारी

पुणे-नाशिक महामार्गावर राजगुरुनगर, मंचर, कळंब, नारायणगाव या गावांना बाह्यवळणे झाली, तेव्हापासून जुन्या पेठेतील दुकानदारांचा एकच प्रश्न आमच्या कानावर येत आहे. गाडी गावात शिरलीच नाही तर गिऱ्हाईक येणार कोठून? रस्ता मोकळा झाला हे चांगलेच झाले. ज्यांनी नारायणगावच्या चौकात तासतासभर गाडी उभी ठेवली आहे ते त्याबद्दल तक्रार करणार नाहीत. परंतु त्या खोळंब्यातच चहावाल्याची, फळवाल्याची आणि थोडीबहुत आम्हा कापडवाल्यांचीही रोजी होती, हेही नाकारता येत नाही. सदर लेखात आम्ही याच प्रश्नाचा अभ्यास परदेशातील एका उदाहरणावरून करणार आहोत, आणि मग आंबेगाव-जुन्नरकडे वळणार आहोत.

ऑस्ट्रेलियात सिडनीहून मेलबर्नला जाणारा ह्यूम हायवे नावाचा मोठा रस्ता आहे. या रस्त्यावर गोलबर्न नावाचे शहर लागते. हे शहर लोकरीचे. आपण सूटिंगच्या कापडावर ज्या मेरिनोचे नाव वाचतो, त्या मेरिनो मेंढ्या या भागात पाळतात. १९८५ साली तेथे रस्त्याकडेला सिमेंट-काँक्रीटचा एक मेंढा उभा करण्यात आला. त्याची उंची सुमारे १५ मीटर, म्हणजे चार-पाच मजली इमारतीएवढी. मेंढ्याच्या पोटात दुकान, वर लोकरीची माहिती देणारे प्रदर्शन आणि जिना चढून गेल्यावर त्याच्या डोळ्यांतून बाहेर पाहण्याची सोय. प्रवासी थांबत, फोटो काढत, पोटातल्या दुकानातून लोकरीचे मोजे-मफलर घेत.

१९९२ साली गोलबर्नला बाह्यवळण झाले आणि मेंढा जुन्या रस्त्यावर राहिला. बसगाड्या बाहेरून जाऊ लागल्या. आपल्याकडे जे झाले तेच. आता तेथील लोकांनी काय केले? २००७ साली त्यांनी तो अखंड मेंढा, जवळजवळ शंभर टन वजनाचा, उचलून सुमारे पाऊण किलोमीटरवर नव्या महामार्गाच्या फाट्याजवळ नेऊन ठेवला. मेंढ्याच्या जागेवरून गिऱ्हाईक गेले, तर मेंढाच गिऱ्हाइकाच्या वाटेवर नेला. आम्हाला या हकिकतीत मेंढ्याच्या उंचीपेक्षा हे पाऊण किलोमीटर जास्त महत्त्वाचे वाटते.

त्या देशात अशी थोरली शिल्पे ठिकठिकाणी आहेत. कॉफ्स हार्बरचे थोरले केळे १९६४ सालचे आहे. व्हिक्टोरिया प्रांतात डॅड्सवेल्स ब्रिज येथे सुमारे १४ मीटर उंचीचा कोआला बसलेला आहे. कोआला हा पिलाला पोटाच्या पिशवीत वाढवणारा प्राणी. अशा पिशवीवाल्या प्राण्यांची जात आपल्या हिंदुस्थानच्या रानात मुळीच नाही. बिल्बी नावाचा असाच एक लांब कानांचा, सशाएवढा प्राणी तेथे आहे. त्याची एक धाकटी जात नाहीशी झाली आणि थोरली फक्त कोरड्या वाळवंटी भागात उरली. त्याला हुसकावणाऱ्यांत बाहेरून आणलेले ससे, मांजरे आणि कोल्हे यांचा मोठा वाटा आहे. ॲडलेडच्या हेग्स या चॉकलेट बनवणाऱ्या जुन्या पेढीने १९९३ पासून ईस्टरच्या सणाला सशाच्या आकाराऐवजी बिल्बीच्या आकाराचे चॉकलेट विकण्यास सुरुवात केली आणि त्या विक्रीतला काही भाग प्राण्याच्या रक्षणाच्या कामी देऊ केला. म्हणजे दुर्मीळ प्राण्याचे नाव लावून कमवायचे तर त्या प्राण्याला त्यातला हिस्सा द्यायचा, असा तो व्यवहार आहे. आम्हाला हा व्यवहार साफ वाटतो.

सगळीच शिल्पे चालली असे मात्र नाही. तारी गावात शिंपल्याचे थोरले शिल्प उभारले गेले. तो धंदा बसला आणि ती इमारत पुढे मोटारविक्रीच्या दुकानाकडे गेली. वर शिंपला आणि खाली मोटारी, यात गिऱ्हाइकाला काय सांगायचे आहे ते आम्हाला तरी उमगत नाही.

आपल्याकडे कोण?

आता आपल्या दोन तालुक्यांत असे नाव कोणाचे आहे? जुन्नर म्हटले की आजकाल लोक बिबट्याचे नाव घेतात. माणिकडोहला बिबट्यांचे निवारा केंद्र आहे. कुकडी प्रकल्पाची धरणे झाली, पाणी आले, ऊस आला आणि उसाच्या आडोशाला बिबट्या राहू लागला. परंतु ज्या शिवारात संध्याकाळी आई मुलाला अंगणात सोडायला घाबरते, ज्या घरांतली माणसे बिबट्याने नेली आहेत, त्या घरांसमोर बिबट्याचे शिल्प उभारून त्याखाली आईस्क्रीम विकणे आम्हाला शोभत नाही. कोणाला शोभत असेल तर तो त्याचा विचार.

याउलट आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, भीमाशंकरच्या रानात, शेकरू आहे. ही थोरली खार आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. १९८५ साली भीमाशंकर अभयारण्य घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे १३१ चौरस किलोमीटर असून ते पुणे, ठाणे व रायगड अशा तीन जिल्ह्यांत पसरले आहे. योगायोग असा की गोलबर्नचा मेंढा आणि हे अभयारण्य एकाच वर्षाचे. शेकरू नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत तीन फुटांच्या आसपास भरतो आणि त्यातली निम्म्याहून जास्त लांबी शेपटीचीच असते. वजन दीड-दोन किलो. पाठ तांबूस-तपकिरी, पोट पिवळसर, शेपटीचे टोक फिकट. तो जमिनीवर क्वचितच उतरतो. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर वीस-वीस फुटांची उडी घेतो. म्हणून त्याला फांदीला फांदी लागलेले सलग रान हवे. मधली झाडे तुटली की त्याचा रस्ताच तुटला. त्याला बाह्यवळण घेता येत नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. शेकरूची जात हिंदुस्थानात इतरत्रही आहे, पश्चिम घाटात दक्षिणेपर्यंत आहे, सातपुड्यात आहे. तेव्हा फलकावर 'जगात फक्त येथेच' असे लिहिणे खोटे ठरेल. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घालून आतला ओला माल बाहेर काढला होता आणि विकणाऱ्याला जाब विचारला होता, ही हदीस आपल्यापैकी प्रत्येकाने लहानपणी ऐकली आहे. फलकावरचे वाक्य हीसुद्धा एक राशच आहे. 'भीमाशंकरच्या रानातला शेकरू, महाराष्ट्राचा राज्यप्राणी' एवढे खरे पुरेसे आहे.

पुतळ्याचा प्रश्न

येथे आपल्या साप्ताहिकाचे वाचक आम्हाला अडवतील, आणि त्यांनी अडवावेच. सजीवाचा पुतळा घडवणे, त्यासाठी वर्गणी देणे मुसलमान व्यापाऱ्याला जायज आहे काय? आम्ही मुफ्ती नाही. ज्याला शंका असेल त्याने आपल्या आलिमांना विचारावे. पण जे सर्वसाधारणपणे माहीत आहे ते असे की प्राणिमात्राचा घडीव पुतळा बहुसंख्य उलमा नाजायज मानतात. सपाट चित्राबद्दल मतभेद आहेत. हजरत आयशा (रजि.) यांच्या घरी चित्रांचा एक पडदा टांगलेला होता, तो पैगंबरांना (स.) आवडला नाही, आणि मग त्याच कापडाच्या उशा करण्यात आल्या, या रिवायतीवरून कापडावरील चित्राबद्दल बरीच चर्चा झालेली आहे. छापील कापड विकणाऱ्या आमच्यासारख्यांना हा प्रश्न नवा नाही. मोर, हत्ती छापलेल्या चादरीचे थान उलगडताना कित्येकांच्या मनात तो येतोच.

परंतु व्यापाराच्या दृष्टीने आम्हाला सर्वांत जवळची रिवायत हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांची वाटते. एक माणूस त्यांच्याकडे आला आणि म्हणाला की माझी रोजी माझ्या हातच्या कामावर आहे, मी अशी चित्रे बनवतो. त्यांनी त्याला मनाई तर सांगितलीच. पण त्याच्या पोटाचाही विचार केला आणि करायचेच असेल तर झाडे कर, ज्यात जीव नाही अशा वस्तू कर, असा मार्ग दाखवला. रोजी बंद करून त्याला रिकाम्या हाती परत पाठवले नाही.

मग शेकरूच्या बाबतीत झाड कोणते? शेकरूचे घरटे! काटक्या आणि पाने यांचे, उंच फांदीच्या बेचक्यात बांधलेले, फुटबॉलपेक्षाही मोठे, गोल, घुमटासारखे. एकच शेकरू अशी अनेक घरटी बांधतो. एकात राहतो, एकात पिले वाढवतो, काही नुसतीच ठेवतो. (आमच्या पेठेतही एकाच मालकाचे तीन गाळे बंद असतात, ते असो.) भीमाशंकरच्या रानात शेकरू दिसेलच याची खात्री नाही, तो सकाळी आणि दुपार उतरल्यावर हिंडतो व भर दुपारी दडून राहतो. घरटी मात्र पाहणाऱ्याला पुष्कळ दिसतात. तेव्हा रस्त्याकडेला पंधरा-वीस फूट उंचीचे, बांबू आणि काटक्यांनी मढवलेले शेकरूचे घरटे उभे केले आणि गोलबर्नच्या मेंढ्याप्रमाणे त्याच्या पोटात दुकान ठेवले तर काय हरकत आहे? मुसलमान व्यापाऱ्याला त्यात वर्गणी देताना अडचण नाही. हिंदू व आदिवासी बंधूंनाही नाही. आणि पुतळा हजार ठिकाणी असतो, दुकान असलेले घरटे कोठे पाहायला मिळते? आत कोण राहतो, हे विचारायलाच माणूस गाडी थांबवील.

जागेचा विचार कायद्यासह करावा लागेल. जानेवारी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक रस्ते व पदपथ यांवर पुतळे वा बांधकामे उभारण्यास परवानगी देऊ नये, असा आदेश राज्यांना दिलेला आहे. शिवाय महामार्गाची स्वतःची हद्द असते. म्हणून रस्त्याच्या जागेवर काही करण्याच्या भानगडीत पडू नये. खाजगी जागा भाड्याने घ्यावी, बिनशेती वापराची व बांधकामाची परवानगी काढावी, गाड्या आत वळून उभ्या राहतील एवढे आवार ठेवावे. महामार्गाच्या कडेलाच गाड्या थांबू लागल्या आणि अपघात झाला तर बरकत कसली? अभयारण्याच्या जवळपास तर असे काही करूच नये. ते काम मंचरच्या फाट्यापासून घोडेगावपर्यंतच्या पट्ट्यातले आहे. भीमाशंकरला जाणारा प्रवासी दोन वाटांनी जातो, एक राजगुरुनगर-वाडा मार्गे आणि दुसरी मंचर-घोडेगाव-डिंभे मार्गे. श्रावणात आणि महाशिवरात्रीला ही गर्दी किती असते ते सर्वांना ठाऊक आहे. दुसऱ्या वाटेने या, असे सांगायला मंचर-घोडेगावच्या पेठेकडे आज काय खूण आहे?

जुन्नरच्या बंधूंनी हा विषय आंबेगावचा म्हणून सोडून देऊ नये. रस्ता हलला की पेठ कशी सुकते हे जुन्नरइतके कोणी पाहिलेले नाही. कोकणातल्या बंदरांवरून नाणेघाट चढून माल येत होता तेव्हा जुन्नर ही मोठी पेठ होती. घाटाच्या माथ्यावर दगडाचा रांजण आजही आहे, जकातीची नाणी त्यात टाकत असे सांगतात. निजामशाहीची सुरुवात याच शहरातून झाली. पुढे बोरघाटातून गाडीरस्ता झाला, १८६३ मध्ये त्याच घाटातून रेल्वे धावू लागली आणि व्यापाराचा ओघ तिकडे वळला. जुन्नरला रेल्वे आली नाही. जुन्नरी कागद नावाजलेला होता, तो बनवणारे कागदी आपल्याच समाजाचे. गिरणीचा कागद आला आणि ते हात रिकामे झाले. आता २०१८ मध्ये शासनाने जुन्नरला पर्यटन तालुका म्हणून जाहीर केले आहे. शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, नाणेघाट पाहायला माणसे येतात. ती पाहून जातात. पेठेत किती येतात, हा प्रश्न वेगळा.

घरट्यात विकायचे काय

तारीच्या शिंपल्याचे उदाहरण समोर ठेवून सांगतो. घरट्यात मुंबईहून आणलेली प्लास्टिकची खेळणी ठेवली तर वर्षभरात कुलूप लागेल. रानाचा माल रानाच्या नावाने विकला गेला पाहिजे. पश्चिम पट्ट्यातला तांदूळ आहे, मध आहे, आणि हिरडा आहे. आंबेगाव व जुन्नरच्या आदिवासी कुटुंबांचे उन्हाळ्यातले रोख उत्पन्न बाळहिरड्यावर असते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने हिरड्याच्या झाडांचे मोठे नुकसान केले. ज्या रानात शेकरू आहे त्याच रानात ही झाडे आहेत. हिरडा वाचला तर उडी मारायला फांदी वाचते.

कापडवाल्याला हिरड्याची ओळख वेगळी आहे. छपाईवाले त्याला हरडा म्हणतात. कोरे सुती कापड धुऊन हरड्याच्या पाण्यात बुडवून वाळवले की त्याला पिवळसर रंग येतो आणि ते रंग धरायला तयार होते. मग गंजलेले लोखंड व गूळ आंबवून केलेल्या पाण्याने ठसा उमटवला की काळी रेघ उठते, ती धुण्याने जात नाही. तुरटीचा ठसा मारून आल किंवा मंजिष्ठाच्या रंगात उकळले की लाल. राजस्थान-गुजरातचे ठसेवाले आणि आंध्रचे कलमकारीवाले हेच करतात. हिरडा आपल्या रानातून त्यांच्याकडे जावा आणि छापील कापड होऊन आपल्या दुकानात परत यावे, यात मधला नफा कोणाचा, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

म्हणून आमची सूचना पिशवीपासून सुरुवात करण्याची आहे. मार्च २०१८ पासून राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, तेव्हा कापडी पिशवीला गिऱ्हाईक शोधावे लागत नाही. ३६ इंच पन्ह्याचे मांजरपाट घ्यावे. पन्ह्याची पूर्ण रुंदी पिशवीच्या उंचीकडे वापरावी आणि १६ इंचांचा तुकडा कापावा. काठाला दोन्हीकडे दोन-दोन इंच दुमड आणि बाजूंना अर्धा-अर्धा इंच शिलाई गेली की १५ बाय १६ इंचांची पिशवी तयार होते. बंदांसाठी आणखी ४ इंचांची पट्टी, तिचे मधोमध दोन तुकडे. म्हणजे एका पिशवीला २० इंच कापड, आणि २० मीटरच्या थानातून ३९ पिशव्या. कापड आधी भिजवून आटवून घ्यावे आणि आटल्यावर पन्हा पुन्हा मोजावा, नाही तर पहिल्या धुण्यात पिशवी वाकडी होते आणि गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही. छाप एकाच रंगाचा ठेवावा : हिरड्याची डहाळी आणि तिच्यावर गोल घरटे. रंग वाढला की ठसा वाढतो, ठसा वाढला की दर वाढतो. शिलाईचे काम आपल्या मोहल्ल्यांतल्या भगिनी घरबसल्या करू शकतील. मजुरी पिशवीमागे ठरवावी आणि दर आठवड्याला रोख द्यावी.

आता खर्च. पुढील आकडे केवळ मांडणीसाठी धरलेले आहेत, प्रत्येकाने आपल्या गावचे भाव घालून हिशेब करावा. समजा घरटे, आवार आणि दुकान मिळून ६ लाख रुपये लागले आणि ते दहा वर्षे टिकले. दरसालचे ६० हजार. डागडुजी, वीज, भाडे यांचे ४० हजार. एका माणसाचा पगार महिना १२ हजार, म्हणजे साल १ लाख ४४ हजार. एकूण २ लाख ४४ हजार. वर्षात ३०० दिवस दुकान उघडे धरले तर रोजचा खर्च सुमारे ८१३ रुपये. विक्रीवर शेकडा १५ नफा सुटत असेल तर हा खर्च भरून निघायला रोज सुमारे ५४०० रुपयांची विक्री हवी. दर गिऱ्हाइकामागे २०० रुपये धरले तर रोज २७ गिऱ्हाइके. श्रावणात ही संख्या सकाळी नऊपर्यंत गाठता येईल. उन्हाळ्यातल्या मंगळवारी काय? यासाठी कोणी पैसे घालण्यापूर्वी फाट्यावर एक माणूस बसवून निरनिराळ्या मोसमांतल्या सात-सात दिवसांच्या भीमाशंकरकडे वळणाऱ्या गाड्या मोजून घ्याव्यात. दुकान उघडल्यावर मोजणारे पुष्कळ असतात, आधी मोजणारे थोडे.

पैसा व्याजाने उचलू नये. दहा दुकानदारांनी ६०-६० हजार घालून शरीकत करावी. नफ्याची वाटणी आधी लिहून ठरवावी आणि तोटा झाला तर तो भांडवलाच्या प्रमाणात सोसावा, हा शरीअतचा नियम आहे आणि व्यवहारातही तोच टिकतो. कागदावर सर्वांच्या सह्या असाव्यात. आपले दहा आणि गावचे इतर समाजाचे दहा असे वीस झाले तर अधिक चांगले. गाडीतून उतरणारा भाविक घरट्याचा मालक कोण हे विचारत नाही, पण पेठेतल्या माणसांनी एकत्र काही उभे केले आहे हे त्याला दिसते.

हेग्सच्या पेढीप्रमाणे शेकरूचा हिस्साही शरीकतनाम्यात लिहावा. पिशवीमागे एक रुपया म्हणा. तो कोणाच्या हाती नुसता देऊ नये. पावसाळ्यापूर्वी हिरडा, जांभूळ, उंबर यांची रोपे घेऊन पश्चिमेकडच्या वाड्यांतल्या कुटुंबांना त्यांच्या बांधावर लावायला द्यावीत आणि दुसऱ्या पावसाळ्यात किती जगली ते मोजून घरट्याच्या दारावरच्या फळ्यावर खडूने लिहावे.